दत्तूकाका, तुमच्या तोफेचे कागद

दत्तूकाका,

मागच्या महिन्यात एका रविवारी आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. यंदाच्या दसऱ्याला तोफेचे दोन बार काढायचे, असं तुमचं म्हणणं होतं. टाउनशिप, म्हणजे तिथली ग्रामपंचायत, एकाच बाराची परवानगी देते, असं माझं.

"एक काय आन् दोन काय, दारू तीच, तोफ तीच," तुम्ही फोनवर म्हणालात.

"तोफ तीच असेल काका, पण अर्जात एक लिहिलंय."

"अर्ज काय कान लावून बसतोय व्हय?"

तेवढ्यात मागून काकूंनी ताट वाढल्याची हाक मारली आणि तुम्ही म्हणालात, "ठेव आता. पुढच्या रविवारी बगतो तुज्याकडं." पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा पलीकडे काकू होत्या आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

मी कॅलिफोर्नियाहून इथे पेनसिल्व्हेनियाला आले, पण पोचेपर्यंत तुम्हाला नेलेलं होतं. परवा तेरावा झाला. न्यू जर्सीच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलंय: जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी 'शिक्षण सातवी' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ते खरं आहे, पण वाचल्यावर खोटं वाटतं. म्हणून तो कागद बाजूला सारून तुमच्याशीच बोलते आहे.

हे ऐंशीचं दशक उजाडलं तेव्हा मी या देशात आले. तालुक्याच्या शाळेत शिकलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील त्याच शाळेत शिपाई. मंडळाच्या दसऱ्याला कुणीतरी मला गाडीतून न्यू जर्सीला घेऊन आलं होतं. एका शाळेच्या जेवणघरात दीडशे माणसं, सगळी एकमेकांना विचारत होती, "तुम्ही कुठल्या कॉलेजचे?" मी कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा माणूस नम्रपणे हसायचा आणि इडलीच्या रांगेकडे बघायचा. तुम्ही एकट्यानं विचारलंत, "कुठल्या गावची गं तू?"

मी गाव सांगितलं. तुमचा चेहरा असा बदलला की मी घाबरले.

"मंग तू आमची तोफ ऐकली असशील!"

ऐकली होती. दसऱ्याला दिवस मावळताना दोन कोसांवरून एक दणका यायचा आणि आई म्हणायची, "चला, शेजारच्या गावची पालखी शिवेबाहेर पडली. सोनं वाटायला निघा आता." लहानपणी मला वाटायचं की सण आवाजानंच सुरू होतो. तो आवाज तुमच्या घराण्याचा, हे मला न्यू जर्सीतल्या जेवणघरात कळलं. तोफ देवाची, बत्ती द्यायचा मान तुमचा. हातभर लांबीची, ठासणीची तोफ. दारूही घरातच तयार करायची, ती रीत बापाकडून लेकाकडे आलेली.

"आता वाजत न्हाई," तुम्ही हळूच म्हणालात. "मी बायकोच्या भावाच्या कागदावर हिकडं आलो. धाकट्या भावानं परवाना पुन्हा काढला न्हाई. पोलिसांनी कुलूप घातलं. कागदापायी गप झाली बग."

त्या दिवसापासून मी तुमची झाले. दर दुसऱ्या रविवारी तुम्ही स्टेशन वॅगन गाडी घेऊन पेनसिल्व्हेनियातून माझ्या वसतिगृहापाशी यायचात, हॉर्न न वाजवता उभे राहायचात. काकू माझ्या केसांना तेल लावायच्या. कपडे धुऊन व्हायचे, भाकरी व्हायची आणि परत जाताना डबा. मी रसायनशास्त्रात एम. एस. करत होते आणि विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीत काउंटरवर काम करत होते. याचा तुम्हाला माझ्या विषयापेक्षा जास्त अभिमान होता. "आमची पोरगी कायद्याच्या पुस्तकांवर बसती," तुम्ही सगळ्यांना सांगायचात.

तोफ करायचं तुम्ही कधी ठरवलंत ते मला माहीत नाही. एका रविवारी गॅरेजच्या फरशीवर खडूनं तिचं चित्र काढलेलं दिसलं, खऱ्या मापाचं. तुम्ही वाकून वितीनं मोजत होता. तुमच्या कारखान्यातला फोरमन तुम्हाला काम सुटल्यावर लेथ वापरू द्यायचा. तो काकूंना म्हणाला होता म्हणे, की तुमचा नवरा बोटानं मोजतो आणि आम्ही यंत्रानं मोजून त्याचं बरोबर आहे का ते बघतो. जाड पोलादाची, सांधा नसलेली नळी तुम्ही शोधून आणलीत. "लोकं पाण्याच्या पाइपाची करत्यात," तुम्ही म्हणालात, "आन् मंग दवाखान्यात बोटं शोधत्यात." पूर्ण उन्हाळा तुम्ही तिच्यावर होतात. नोव्हेंबरात ती लाकडी गाड्यावर बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती गार आणि गुळगुळीत होती, आणि मला का कोण जाणे आईची आठवण आली.

पुढच्या दसऱ्याला मंडळात बार काढणार, असं तुम्ही जाहीर केलंत. सेक्रेटरी म्हणजे पुण्याचे, फार सज्जन. ते एकदम पांढरे पडले. "काका, आयडिया सॉलिड आहे. पण लायसन्स? इन्शुरन्स? उद्या पोलीस आले तर आपल्या सगळ्यांची ग्रीन कार्डं—"

"देवाला सलामी द्यायला लायसन?"

"यार काका, ही अमेरिका आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "पोरी, तुज्या पुस्तकांत बग की."

मी पाहिलं. रात्रपाळीच्या विद्यार्थ्यांना पुस्तकं देता देता, दोन आठवडे पाहिलं. मला त्यात केवढा आनंद झाला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आयुष्यभर मी फॉर्म भरून पुढे आले होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म, फीमाफीचा, पासपोर्टचा, व्हिसाचा. कागद नीट असला की दार उघडतं, एवढं एकच शास्त्र मला मनापासून पटलेलं होतं. पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणासाठी वापरत होते.

रविवारी मी वही उघडून बसले आणि तुम्ही शाळेतल्या मुलासारखे समोर.

"काका, आधी चांगली बातमी. अठराशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या घडणीची, ठासणीची, बत्तीची तोफ असेल किंवा तिची प्रतिकृती असेल, तर केंद्राच्या कायद्यात तिला बंदूक धरत नाहीत. पण तिच्यात काडतूस घालता येईल अशी सोय करायची नाही, आणि स्फोट होणारा गोळा तर कधीच नाही."

"गोळा कशाला? देवावर गोळा टाकायचा हाय का?"

"दारूसुद्धा विकत मिळते. पन्नास पौंडांपर्यंत ठेवता येते. खेळ, करमणूक किंवा संस्कृती, यासाठी असेल तर."

"संस्कृती लिवलंय?" तुम्ही पुढे झुकलात. "सरकारनं?"

"सरकारनं."

"वाच पुन्हा."

मी तीनदा वाचलं. मग वाईट बातमी सांगितली, की राज्याचा नियम वेगळा, टाउनशिपचा वेगळा, आणि नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायचं. तिथल्या ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या की लेखी उत्तर येईपर्यंत ती वस्तू या बाजूला आणू नका. तुम्हाला ते पटेना. "नदी तर तीच हाय."

आणि प्रतिकृती म्हणायची तर कशाची, हा प्रश्न मीच काढला. कायद्यानं पुरावा मागितलाच नव्हता. मला हवा होता. मी तुमच्या गावच्या मुख्याध्यापकांना पत्र घातलं. दोन महिन्यांनी लिफाफा आला. तोफेचा धूसर फोटो, शेजारी मोजपट्टी धरून उभा असलेला कॉन्स्टेबल, सुतळीनं घेतलेली मापं आणि एक दाखला, की ही तोफ आमच्या पणजोबांच्याही आधीपासून देवळापुढे आहे. खाली गावातल्या पाच वृद्धांच्या सह्या. सहावा अंगठा तुमच्या आईचा होता. तुम्ही तो कागद हातात धरून किती वेळ बसलात. मला वाटलं तुम्ही मापं तपासताय. तुम्ही अंगठा बघत होता.

कारण खरी गोष्ट ती होती. तोफ नव्हे. आई गावात एकटी होती, डोळ्यांनी दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं, धाकटा मुंबईला गेला होता. नुसत्या ग्रीन कार्डावर आईबापांना बोलावता येत नाही, नागरिक व्हावं लागतं. तुमचा सिटिझनशिपचा अर्ज गेला होता आणि इंटरव्ह्यूची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. काकूंनी खालची खोली आधीच रंगवून ठेवली होती.

त्याच सुमारास काकूंनी मला तळघरातून लोणच्याची बरणी आणायला पाठवलं. फळीवर तीन बरण्या होत्या. मी मधली उघडली. काळे, रवाळ कण. वास घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं, कारण तीन पावलांवर घर तापवायची भट्टी घुमत होती.

मी बरणी तिथेच ठेवली आणि वर येऊन तुम्हाला एकट्याला हाक मारली. तुम्हाला लगेच कळलं.

"हळू बोल."

"काका, ती दारू आहे?"

"घरची हाय. आज्ज्याची रीत."

"लोणच्याच्या बरणीत?"

"चिनी मातीत ओल धरत न्हाई. काकूला विचारून घेतली."

मागे काकू कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही. "कधी विचारलंत? दोन महिने मी ती बरणी शोधतेय! शेजारणीवर आळ घेतला मी!"

हसायला यावं असा तो क्षण होता. मी हसले नाही. मी म्हटलं की ती सूट फक्त कारखान्यात तयार होऊन विकत घेतलेल्या दारूला आहे. घरी केलेलीला नाही. ती अशी तळघरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तुम्ही सगळे जळून मराल ते वेगळंच.

"म्हंजी दुकानदाराची चालती आन् माजी न्हाई?" तुमचा आवाज चढला. "दुकानदाराच्या बापानं कदी देवाला बार काढलाय? इकतची दारू ढुस्स करती. देवाला काय ढुस्स ऐकवायचं?"

"इंटरव्ह्यूला शपथेवर विचारतात. पकडला गेला नाहीत असा काही गुन्हा केलाय का म्हणून."

"मी खोटं बोलत न्हाई."

"म्हणूनच सांगतेय."

आणि मग मी ते वाक्य बोलले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि बरोबर होते, आणि बरोबर असलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीसारखं निर्दय या जगात दुसरं काही नसतं. मी म्हटलं, "आईला आणायचंय, का बरणी ठेवायचीय? एकदा ठरवा."

काका, आज पंधरा दिवस झाले, रोज ते वाक्य माझ्या कानात आहे. तुमच्या घरात, तुमचं अन्न खाऊन, मी तुम्हाला आईच्या बदल्यात काहीतरी निवडायला लावलं, जणू तुम्ही तिला विसरला होता.

तुम्ही भट्टी बंद केलीत. कपडे धुवायच्या टबात पाणी सोडलंत. पाण्यात घातली की ती मरते, हे मला रसायनशास्त्रानं सांगितलं होतं आणि तुम्हाला आजोबांनी. त्या एका गोष्टीवर आपलं एकमत होतं. मी मदतीला हात पुढे केला तेव्हा तुम्ही मानेनं नको म्हणालात. बरणी वाकडी करून थोडी थोडी ओतलीत. पाणी काळं झालं. शेवटी बरणी विसळलीत, पुसलीत आणि काकूंच्या हातात दिलीत.

"सात पिढ्यांत कुनी पाण्यात घातली न्हवती," एवढंच म्हणालात, आणि गॅरेजमध्ये गेलात. त्या दिवशी मला वसतिगृहावर काकूंच्या भावानं सोडलं.

इंटरव्ह्यूला काय झालं ते मला काकूंनी फोनवर सांगितलं. विचारलं तर सगळं सांगा, पाण्यात घातल्याचंही सांगा, असा निरोप मी पाठवला होता. ऑफिसरनं तो प्रश्न विचारला. तुम्ही ताठ बसून म्हणालात, "येस. वन जार. पिकल जार. नाऊ वॉटर." ऑफिसर म्हणे आधी लोणच्याबद्दल विचारत राहिला, लोणचं बेकायदा कशानं झालं म्हणून. मग तुम्ही माझी फाइल पुढे केलीत: कायद्याच्या झेरॉक्स, कॉन्स्टेबलचा फोटो, पाच सह्या आणि एक अंगठा. त्यानं सगळं वाचलं. आपला मेव्हणा दर जुलैत, स्वातंत्र्यदिनाला, असलीच तोफ उडवतो आणि त्याच्याकडे याच्या निम्मे कागद नाहीत, असं म्हणाला. आणि शिक्का मारला.

तरी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मार्च गेला, एप्रिल गेला. रविवारी वॅगन आली नाही. पदवीदानाचे दोन पास मी पोस्टानं पाठवले, चिठ्ठी न घालता. काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुम्ही आलात. सगळ्यात मागच्या रांगेत, सिटिझनशिपच्या शपथेसाठी शिवलेल्या सुटात. काकूंनी पेढे केले होते. बाकीच्यांचे आईवडील मिठ्या मारत होते, फोटो काढत होते. तुम्ही माझ्या हातातलं पदवीपत्र घेतलंत, चष्मा वर केलात आणि त्याची कड अंगठा आणि बोटात धरून, पत्र्याची जाडी बघावी तशी चाचपलीत.

"जाड हाय," तुम्ही म्हणालात. "टिकंल."

मग ते परत देत म्हणालात, "आता बत्ती शिकायची. ऑक्टोबरात तुला उभी करणार."

आमच्या वडिलांनी तो दिवस पाहिला नाही. त्यांना पत्रानं कळवलं होतं. पण मला वाटतं, त्यांच्या वाटची जी काही गोष्ट त्या मैदानावर बोलली जायची होती, ती तुम्ही बोललात.

उन्हाळाभर तुम्ही मला शिकवलंत, दारूशिवाय, नुसत्या हालचाली. गजाला ओला बोळा लावून नळी आतून पुसायची, एकही ठिणगी आत जिती राहता कामा नये. मग थांबायचं. मला घाई व्हायची. "थांब म्हंजी थांब. तुज्या लायब्ररीत लोकं थांबत न्हाईत का?" ठासताना अंगठा गजाच्या वर ठेवायचा नाही. बत्ती तोफेच्या कानाला बाजूनं, हात लांब करून. बार उडाला नाही तर लगेच जवळ जायचं नाही, मनात हनुमानाचं स्तोत्र म्हणायचं, पूर्ण. आणि तोंडापुढे कधीही नाही. "देवापुढं जा, सायबापुढं जा. तोफंपुढं न्हाई." मी एकदा चुकून नळीच्या समोरून गेले, रिकाम्या तोफेच्या. तुम्ही माझा दंड असा धरून ओढलात की आठ दिवस निळा होता. त्याबद्दल तुम्ही माफी मागितली नाहीत आणि मी कधी अपेक्षाही केली नाही.

न्यू जर्सीहून लेखी उत्तर आलंच नाही. टाउनशिपनं मात्र एका शेतकऱ्याच्या मैदानावर, अग्निशमन दलाचा माणूस हजर ठेवून, विकत आणलेल्या दारूचा एक बार मंजूर केला. मग अख्ख्या मंडळानंच या बाजूला यायचं ठरलं. सेक्रेटरी कुरकुरले, "काका, एका तोफेसाठी सगळ्यांनी दीड तास ड्राइव्ह करायचं? मुलं कंटाळतील, अर्धे लोक कॅन्सल करतील."

"आवो, दसरा हाय न्हवं? सीमोल्लंघन करायचं अस्तंय न्हवं?" तुम्ही म्हणालात. "मंग करा की!"

आणि गाड्यांची रांग खरंच राज्याची हद्द ओलांडून आली. मंडळात पालखी नव्हती. काकूंनी घरचा देवाचा टाक एका ताटात ठेवून ते डोक्यावर घेतलं. आपट्याच्या पानांऐवजी त्यांनी रेडबडच्या झाडाची बदामी पानं गोळा केली होती. तुम्ही भरलीत, मी बत्ती दिली. कान फाटेल असा दणका झाला, मुलं "अगेन! अगेन!" म्हणून नाचायला लागली, सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही मात्र मान तिरकी करून धुराकडे बघत होता. चेहऱ्यावर तेच होतं, जे कारखान्यात दुसऱ्याचं काम तपासताना असायचं.

पुढच्या वर्षी तुमच्या आई आल्या. दसऱ्याला त्यांना घडीच्या खुर्चीत, गोधडीत गुंडाळून मैदानाच्या कडेला बसवलं होतं. मी त्यांच्या मागेच उभी होते, कारण त्या वर्षी बत्ती तुम्ही दिली होती. बार झाला. धूर आमच्याकडे आला. आईंनी नाक वर करून तो ओढून घेतला.

तुम्ही धावत आलात, खाली बसलात. "ऐकलंस का आई?"

"ऐकलं." त्यांनी तुमचा चेहरा हातांनी चाचपला. "दत्तू, पर ही आपली दारू न्हवं."

मला वाटलं आता तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघणार. तुम्हाला मी मागे आहे हे माहीत नव्हतं. तुम्ही आईंचे हात धरून, अगदी साध्या आवाजात म्हणालात, "न्हवं आई. आपली दारू देऊन तुला आणली."

आई म्हणाल्या, "सस्त्यात आणलीस रं."

आणि तुम्ही दोघं हसायला लागलात. मी मागच्या मागे चालत गाड्यांपर्यंत गेले आणि तिथे कुणाच्या तरी गाडीला टेकून रडले. ते ऐकल्याचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला माफ केलंत का, असं विचारावं लागलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, "कशाबद्दल?" आणि मला ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागलं असतं. नोकरीसाठी मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेले. रविवारचे फोन सुरू झाले. आपण बोळा किती ओला असावा यावर भांडलो, न्यू जर्सीला पुन्हा पत्र घालावं का यावर भांडलो. त्या एका वाक्यापर्यंत मात्र कधी गेलो नाही. मी टाळत होते. तुम्हीही टाळत होता का, की तुम्ही केव्हाच विसरला होता, हे मला आता कुणी सांगू शकणार नाही.

काल दुपारी आईंनी मला खालच्या खोलीत बोलावलं. त्यांना आता अजिबात दिसत नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दसऱ्याला बार कोन काढणार?"

मला वाटलं होतं, यंदा नको म्हणतील. सुतक आहे, वर्ष पाळायचं आहे. मी तसं म्हटलं.

"देवाचा मान देवाचा. त्याला सुतक न्हाई. तू काढ."

"मी काढीन, आई."

"तसा न्हाई. आदी कागद काढ." त्यांनी माझ्या हातावर बोटानं टकटक केलं. "दत्तू म्हनायचा, मला काय झालं तर तोफंला कुनी हात लावायचा न्हाई. आदी त्या पोरीला इचारायचं कागद हाय का."

तुम्ही असं म्हणायचात, काका? माझ्याशी प्रत्येक रविवारी भांडायचात आणि फोन ठेवून घरात हे सांगायचात?

आज सकाळी टाउनशिपच्या ऑफिसात गेले. अर्ज तोच आहे. जागा, वेळ, अग्निशमन दलाला कळवल्याची तारीख. तोफ चालवणाऱ्याचं नाव: माझं लिहिलं. मग 'प्रशिक्षण कुठे घेतलं' असा रकाना होता. आयुष्यात शेकडो अर्जांत मी शिक्षणाचे रकाने भरलेत, शाळा, कॉलेज, विद्यापीठ, वर्ष, श्रेणी. इतक्या वर्षांत त्यांतल्या एकाही रकान्यात तुम्हाला जागा नव्हती. मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

काउंटरवरच्या नव्या बाईंनी ते वाचायचा प्रयत्न केला. "ही संस्था आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "माझे काका."

"ते त्या दिवशी असतील ना तुमच्याबरोबर?"

"नाही. यंदा मी एकटी आहे."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग अर्ज फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. दर वर्षी तिथे तुमची सही असायची, मोडी वळणाची, अर्धी रकान्याबाहेर गेलेली. मी तिथे माझी केली.